सँडलचा राग

सुचिताला राग येतच नाही, हे तिच्या सासरच्यांनी सगळ्या गल्लीला इतक्या वेळा ऐकवलं होतं की गल्लीलाही ते पटून गेलं होतं. "आमची सून म्हणजे गरीब गाय आहे बाप्पा, तोंडातून ब्र निघत नाही," असं सासूबाई कलाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आणि वर ते कौतुक म्हणून सांगायच्या. अहो, गाय झाली तरी तिला शिंगं असतात! पण ते कुणी बघायला तयार नसेल तर त्याला कोण काय करणार?

सुचिता मूळची सावरगावची, म्हणजे नदीपलीकडची. इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, मधे जाम नदी. माहेरी फोडणी घातली तर सासरी ठसका लागावा, एवढंच अंतर. नर्सिंग शिकून ती पांढुर्ण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स झाली होती. नवरा प्रफुल्ल खताच्या दुकानात मॅनेजर, दीर कुलदीप मोबाइलच्या दुकानात, सासरे दादाजी सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. घर खाऊनपिऊन सुखी. कुणी तिच्यावर हात उगारला नाही की तिला उपाशी ठेवलं नाही. सांगायला गेलं तर तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तीच तर खरी पंचाईत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांची गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्हीकडून दिवसभर दगड चालतात. वर्षभर एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसणारी माणसं त्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात आणि संध्याकाळी देवीला हात जोडून घरी जातात. सहा वर्षांपूर्वी तिथल्या मलमपट्टीच्या तंबूत सुचिताची ड्यूटी होती. दुपारी दोघांनी एका पोराला उचलून आणलं. चेहरा रक्ताने असा भरलेला की काही ओळखू येईना. तिने गॉज दाबलं, हात धरला आणि हातातल्या कड्यावरून कळलं की हा हर्षल आहे. तिचा धाकटा भाऊ.

डावा डोळा गेला. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, पण डोळा काही वाचला नाही. हर्षल काही साधुसंत नव्हता, त्यानेही त्या दिवशी दगड मारले होते, हे सुचिताही नाकारत नसे. पण तो संत्र्याची गाडी चालवायचा, नागपूरला कळमन्याच्या बाजारात माल न्यायचा, ते सगळं बंद झालं. आता दुसऱ्यांच्या गाडीत क्रेट भरतो. ठरलेलं लग्न मोडलं. पोरीच्या बापाने निरोप धाडला की आमची मुलगी अजून लहान आहे. साखरपुड्याच्या वेळी ती लहान नव्हती, डोळा गेल्यावर एकदम लहान झाली!

आणि सासरचं काय? सासरहून कुणी फिरकलंच नाही. ना दवाखान्यात, ना घरी. सुचिता नागपूरहून चौथ्या दिवशी परतली, तर कलाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "हर्षलले लागलं म्हणते? देवीची मर्जी." बस. विषय संपला. दादाजींच्या घरची रीतच तशी होती. गोटमारीत पलीकडच्याला लागलं तर त्याला पाहायला जायचं नाही. पाहायला गेलं म्हणजे घाव मोजल्यासारखं होतं, घाव मोजला म्हणजे वैर लागतं. "गोटमारीचा राग धरत नसतात," दादाजी सांगायचे, अगदी शांतपणे, देवळात तीर्थ द्यावं तसे. आता ज्याचं काही गेलं नाही त्याने राग धरू नये, हे ठीक. पण ज्याचा डोळा गेला त्यालाही हेच सांगायचं, ही कुठली तऱ्हा?

प्रफुल्ल आणि हर्षल म्हणजे जिजाजी-साळा कमी आणि दोस्त जास्त. एकाच ताटात पोहे खाणारे. तोही गेला नाही. सुचिताने एकदाच विषय काढला, तेव्हा तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "जाऊ दे न. बाबूजी काय म्हणतील?" त्या दिवसापासून सुचिता गाय झाली. तिला मारामारी नको होती, पोलीस नको होते, कुणाचा गोटा लागला तेही नको होतं. या घरातल्या एकाने तरी पूल ओलांडावा, भावाच्या समोर बसावं आणि वाईट झालं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढंच मिळालं नाही, आणि ते मागायला तोंड उघडायचं म्हणजे सणाचा, देवीचा आणि सासऱ्याचा, तिघांचाही अपमान!

मग आयर्लंडचं निघालं. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघीजणी तिकडे लागल्या होत्या. नर्स हव्या होत्या, फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हायची होती. लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत सुचिताला अडचण नव्हती. बोलण्यात सहा मिळाले, सात लागत होते. तेव्हा तिने सौंसरचा वीरेंद्र सरांचा क्लास लावला.

दर शनिवारी पांढुर्ण्याहून सौंसरची बस. शनिवारी म्हणजे अर्धी बस जामसांवलीच्या हनुमानाला निघालेली. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या मांडीवर पोर. त्या गर्दीत सुचिता एका हाताने दांडा धरून उभी आणि दुसऱ्या हातातला कागद पाहत पुटपुटते आहे. एका म्हातारीला वाटलं बाई चालिसा म्हणते, तिने भक्तिभावाने हात जोडले. बाई म्हणत होती, "फ्युरियस, लिव्हिड, एक्झॅस्परेटेड, रिझेंटफुल."

तो कागद म्हणजे सरांची रागाची आणि दुःखाची यादी. सरांचं शास्त्र सोपं होतं. 'अँग्री' म्हटलं की पाच मार्क. 'व्हेरी अँग्री' म्हटलं तरी पाचच, कारण व्हेरी लावून कोणी शहाणं होत नाही. 'फ्युरियस'ला सहा. आणि राग इतका की माणूस पांढराफटक पडला, त्याला 'लिव्हिड' म्हणायचं, तिथे सात. 'सॅड' म्हणजे बालवाडी. 'डिव्हास्टेटेड' म्हटलं की समजा व्हिसा लागला. किराणा दुकानात जसा साधा तांदूळ आणि बासमती, तसे सरांकडे राग होते, आणि सर म्हणत, परीक्षेत बासमतीच वाढायचा.

एका शनिवारी सराव होता. सरांनी प्रश्न दिला: तुम्हाला खूप राग आला होता असा एखादा प्रसंग सांगा. दोन मिनिटं बोला.

सुचिता उभी राहिली आणि तिला स्वतःलाही कळायच्या आत ती हर्षलचं सांगायला लागली. तंबू, गॉज, कडं. नागपूरचा रस्ता. परतल्यावरचा तो चहा. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण क्लासमध्ये पंख्याखेरीज आवाज नव्हता. समोरच्या बाकावरची प्रणाली नावाची पोरगी ओढणी तोंडाला लावून ऐकत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे सगळं ऐकत होतं, आणि तेही परक्या भाषेत!

"रुका, रुका मॅडम," सरांनी मधेच हात वर केला. "असं नाही बोलायचं."

"काय चुकलं सर?"

"एक तर रक्त. परीक्षकाले कसंतरी होते. दुसरं, दगड मारायचा सण आहे म्हणून सांगसान तर त्याले खरं वाटन काय? आपलीच बदनामी. आणि तिसरं, मी मोजून राहिलो होतो, तुम्ही नुसतं अँग्री, अँग्री, अँग्री. यादीतला एक शब्द नाही!"

"पण सर, राग तर त्याचाच आला होता मले."

"तुम्हाले कशाचा आला ते कोण विचारते? त्यायले भाषा पाह्यजे. हलकंफुलकं घ्या काही. ऑनलाइन सँडल मागवली, लाल मागवली, निळी आली, आणि घरात लग्न दोन दिवसांवर. पाहा कसे सगळे शब्द बसतात त्यात!"

ऐकलंत? भावाच्या डोळ्यात शब्द बसत नाहीत, सँडलमध्ये बसतात. सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला सात हवे होते. तिने मान हलवली आणि खाली बसली. घरी, बसमध्ये, दवाखान्यात सलाइन लावताना तिने ती सँडल घोकली. लग्न कुणाचं, तर चुलत बहिणीचं. कंपनीला फोन केला तर त्यांनी फोन ठेवून दिला. तिथे 'लिव्हिड'. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. तिथे 'एक्झॅस्परेटेड'. लग्नात जुन्या चपला घालून गेली. तिथे 'डिव्हास्टेटेड'. जन्मात तिने सँडल ऑनलाइन मागवली नव्हती. ती पांढुर्ण्याच्या बाजारातून पायात घालून पाहिल्याशिवाय चप्पल घेत नसे.

परीक्षा नागपूरला एका हॉटेलात होती. समोर एक गोरटेल्या वर्णाची, पिकल्या केसांची बाई. तिने चिठ्ठी पुढे केली आणि नेमकं तसंच काहीतरी आलं. जवळच्या माणसाने तुमचं मन दुखावलं असा प्रसंग सांगा. विचाराला एक मिनिट. सुचिताने पेन्सिल उचलली आणि कागदावर लिहिलं, हर्षल. मग तिला सरांचा वर गेलेला हात आठवला. तिने ते नाव खोडलं. जवळचं माणूस म्हणून तिने चुलत बहिणीला धरलं, तिने चुकीची ऑर्डर टाकली असं ठोकून दिलं आणि सँडल सुरू केली.

काय बोलली म्हणता! भुवया चढवून, श्वास टाकून, लिव्हिडवर जोर देऊन. बोलणं संपलं तेव्हा त्या बाईने चष्मा सारखा केला, मान कलती केली आणि हळू आवाजात म्हटलं, अरेरे, तुम्हाला फार वाईट वाटलं असेल. परीक्षक म्हणे असं काही बोलत नसतात. पण ही बोलली.

तिथून बाहेर पडून सुचिता हॉटेलच्या पायरीवर बसली आणि रडली. पेपर चांगला गेला होता, तरी रडली. जी सँडल कधी नव्हतीच, तिच्यासाठी एका परक्या बाईने दोन मिनिटांत अरेरे म्हटलं. आणि माझ्या भावाचा खराखुरा डोळा गेला, त्याला सहा वर्षांत नदीच्या या काठावरून एक अरेरे मिळालं नाही. तिला त्या बाईचा राग आला नाही, सरांचाही आला नाही. तिला स्वतःच्या घराचा आला, आणि तो असा आला की सरांच्या यादीतला एकही शब्द त्याला पुरला नसता.

निकाल आला तो नेमका पोळ्याच्या दिवशी. बोलण्यात साडेसात! घरात आनंदीआनंद. पुरणाचा वास सुटलेला, बैलांना ओवाळून झालेलं, शेजारचेही दोघंचौघं अंगणात जमलेले. कुलदीपने पेढे आणले. दादाजी खुर्चीत बसून आल्यागेल्याला सांगत होते, "आमची सून विलायतले चालली." मग त्यांनाच हौस सुचली.

"बाई, काय बोलली त्या मॅडमपुढं? आमालेही ऐकव."

"तुमाले काय समजन बाबूजी?"

"समजो न समजो. बोल तर खरी!"

सुचिताने पदराला हात पुसले आणि सगळी सँडल पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. भुवया, श्वास, लिव्हिड, सगळं. संपलं तशा टाळ्या पडल्या. "काय रागावते बाप्पा ही!" कलाबाई गालाला हात लावून म्हणाल्या. कुलदीपने शिटी मारली. "वहिनी, इतका राग? मी तर भेलो!" दादाजी हसत हसत डोळे पुसायला लागले.

सुचिता त्यांच्याकडे पाहत राहिली. रागाला टाळ्या! समजला नाही म्हणून टाळ्या!

"आता मराठीत सांगू?" ती म्हणाली.

"सांग न, सांग!"

"माह्या भावाचा डोळा गेला," सुचिता म्हणाली. "याच सणाले गेला. मी माह्या हातानं रक्त पुसलं त्याचं. मी नागपूरवरून वापस आली, तर तुम्ही मले चहा देल्ला. कोणी विचारलं नाही की तो कसा आहे. त्याची गाडी गेली, त्याचं लग्न मोडलं. दर राखीले मी जाते तं तो हसून दाखवते, अर्ध्या तिकिटात सिनेमा पाहतो म्हणते. आणि मी घरी येऊन तुमच्यासाठी पोळ्या लाटते. मले राग येत नाही म्हणून तुम्ही गल्लीभर सांगता. मले येते. पोळी लाटताना येते, निजताना येते, तुमच्या पाया पडताना येते."

 शेजाऱ्यांपैकी एकाने हातातला पेढा तसाच परत ताटात ठेवला.

"सुचिता," दादाजी घसा साफ करून म्हणाले, "सण आहे आज. गोटमारीचा राग धरत नसतात बाई."

"मी धरते, बाबूजी. सहा वर्षं झाले, धरून राहिली."

"पण वहिनी," कुलदीप पुढे झाला, "गोटा कोणाचा होता ते कोणाले माहीत? या काठावर हजार माणूस असते!"

"गोटा कोणाचा होता ते मी विचारलंच नाही. पाह्यले कोण गेलं, ते विचारून राहिली."

कुलदीप मागे सरला. कलाबाई मात्र तडकल्या. "तूच एक मोठी लागून गेली काय? माह्या माहेरचेही फुटले आहेत डोके. मी बोलली का कधी? बाईनं गिळावं लागते."

"तुम्ही गिळलं न आई, म्हणून मलेही गिळा लागलं. उद्या तुमाले नात झाली तं तिलेही गिळा लागन. कुठवर गिळाचं?"

 कलाबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. दादाजी आपल्या हाताच्या बोटांकडे पाहत बसले.  सुचिताची जीभ एकदाही अडखळली नव्हती, आणि याचं तिलाच फार नवल वाटलं.

प्रफुल्ल उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "उद्या जाऊन येतो मी," तो हळूच म्हणाला.

"उद्या नदीवर दगड चालतीन. उद्या कसे जासान? आज चला."

तो चपला घालून पुढे झाला. दादाजींनी त्याला अडवलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दोघं पुलावरून चालले. खाली काठाला उद्याचे दगड आतापासून रचून ठेवलेले होते, पोरंसोरं त्यांच्याभोवती खेळत होती. सुचिताने वाटभर प्रफुल्लला धीर दिला नाही. काहून द्यावा?

सावरगावात हर्षल नुकताच जेवायला बसला होता. दारात प्रफुल्लला पाहून तो सवयीने हसला. "या या जिजाजी! आज इकडं रस्ता चुकले काय?" सुचिताची माय देवकाबाई लगबगीने चटई घालायला धावल्या. सणाच्या दिवशी जावई दारात, कुठे ठेवू नि कुठे नको असं त्यांना झालं.

प्रफुल्ल बसला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "हर्षल, मी तुले पाह्यले आलो."

"काय पाहता? हा पाहा, एक डोळा चालू, एक..." हर्षलचं हसू तोंडावर आलं आणि तिथेच मोडलं. त्याने ताट बाजूला सारलं. उभा राहिला. "आता पाह्यले आले तुम्ही? आता? नागपूरले पट्टी काढली तवा मी दाराकडं पाहत होतो. एका डोळ्यानं पाहत होतो! ताईले विचारलं, जिजाजी आले काय? दुसऱ्या दिवशी विचारलं. मग विचारणंच सोडलं. लोकं म्हणे, देवीचा परसाद आहे, हास. मी हासलो. तुमच्या घरच्यायले वाईट वाटू नये म्हणून हासलो मी! एका ताटात खाल्लं होतं न आपण?"

"हर्षल!" देवकाबाई मधे पडल्या. त्यांच्या घरात जावयापुढे आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. "जवाई आहेत ते! सणाच्या दिवशी दारी आले आणि तू असा बोलून राहिला? माफ करा जवाईबापू, पोरगं येडं आहे. हर्षल, चूप बैस!"

सुचिताने मायचा हात धरला आणि तिला मागे ओढलं.

"बोलू दे त्याले, माय."

देवकाबाई लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. हर्षल बोलत होता, रडत होता, गाडीचं, लग्नाचं, सगळं काढत होता. प्रफुल्ल मान खाली घालून दारात उभा होता आणि ऐकत होता. कुणी त्याला 'बसा' म्हटलं नाही.